रात्रपाळी आणि मधुमेह : तिघांना सांगितलेच पाहिजे



नाताळच्या रात्रीची शुभवार्ता पहिल्याने कोणाला कळली, हे आपण दरवर्षी ऐकतो. ती राजवाड्यातल्यांना कळली नाही, गादीवर निजलेल्यांनाही नाही. रानात रात्रीची राखण करीत बसलेल्या मेंढपाळांना ती कळली. आजच्या भाषेत बोलायचे तर ती रात्रपाळीवाल्यांना कळली.

आपल्या बेळगाव-निपाणी भागातही रात्री जागणारे पुष्कळ आहेत. तीन फेजची वीज रात्री आली की टॉर्च व फावडे घेऊन उसाला पाणी पाजायला जाणारे आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यात बॉयलरवर, पॅनवर, गव्हाणीवर रात्रपाळी करणारे आहेत. वजनकाट्याच्या रांगेत ट्रॅक्टर लावून नंबराची वाट पाहणारे आहेत. गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालणारे आहेत. उद्यमबागेतल्या फौंड्रीत पाळी करणारी आपली मुले आहेत, तशाच दवाखान्यात रात्रीची ड्यूटी करणाऱ्या आपल्या नर्स भगिनीही आहेत.

ह्यांच्यापैकी एखाद्याला डॉक्टर सांगतात, "तुम्हाला मधुमेह आहे. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, वेळेवर गोळी घ्या." बिचारा मान डोलावून बाहेर येतो आणि मनाशी म्हणतो, माझी वेळ तर आठवड्याआड बदलते, मग वेळेवर म्हणजे केव्हा? ह्याच प्रश्नाचे उत्तर आजच्या पानात द्यावयाचे आहे.

एका रात्रीचा प्रसंग

पुढील प्रसंग कोणत्याही वाडीवर घडू शकतो, म्हणून तो डोळ्यांपुढे आणू.

समजा, एका पन्नाशीच्या शेतकऱ्याला पंधरा दिवसांपूर्वी साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या व सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी घ्यावयास सांगितले. त्याने बायकोखेरीज कोणालाच सांगितले नाही. जानेवारी महिना आहे. संध्याकाळी सात वाजता त्याने गोळी गिळली. भाकरी तव्यावर होती. इतक्यात शेजारचा पोरगा ओरडत आला की लाईट आली. त्याने फावडे उचलले.

बायको म्हणाली, "अहो, दोन घास खाऊन जावा की."

"आल्यावर खातो. मोटर चालू करून ठेवली नाही तर पाळी जाईल."

रात्री अकरापर्यंत तो चिखलात उभा राहून सरीमागून सरी पाणी फिरवीत होता. मग थंडीतही त्याला दरदरून घाम फुटला. हात कापू लागले. काय करतो आहोत हे सुचेना. तो बांधावर बसला आणि तिथेच कलंडला. टॉर्च घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्याने त्याला पाहिले. बोलणे अडखळत होते. शेजाऱ्याला वाटले, आज ह्याने घेतलेली दिसते. झोपू दे, उतरेल. तो पुढे गेला.

तो शेजारी वाईट नव्हता. त्याला ठाऊक नव्हते, एवढेच. ठाऊक असते तर तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून पाजल्याने तो माणूस पंधरा-वीस मिनिटांत उठून बसला असता. ठाऊक नसल्याने त्याचा जीव रात्रभर बांधावर टांगलेला राहिला. बाजूला विहीर असती तर काय झाले असते, ते सांगावयास नको.

ह्या प्रसंगात कोणतीही एक गोष्ट फार मोठी चूक नव्हती. गोळी घेणे बरोबर होते, पाण्याला जाणे भाग होते, उशिरा जेवणे हे तर शेतकऱ्याच्या रोजच्या सवयीचे. पण गोळी पोटात, अन्न नाही आणि वर अंगमेहनत, ही तिन्ही एका रात्रीत जुळून आली. त्यात भर म्हणजे गुपित. मधुमेह झालेल्याने रात्रीचे काम सोडलेच पाहिजे असे नाही. मात्र गुपित सोडले पाहिजे. आपला आजार त्याने तिघांना सांगितला पाहिजे : डॉक्टरांना, घरच्यांना आणि कामावरच्या सोबत्याला. कोणाला काय सांगावे, ते पुढे पाहू. तत्पूर्वी आजार थोडा समजून घेऊ.

आजार म्हणजे नेमके काय

आपण खाल्लेल्या भाकरी-भाताची पोटात साखर होते व ती रक्तात उतरते. रक्तातून ती अंगाच्या पेशींत शिरली म्हणजे काम करण्याचे बळ येते. पेशीचे दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. ती स्वादुपिंडात तयार होते. किल्ली कमी पडली किंवा कुलूप गंजले, म्हणजे साखर रक्तातच साचते. पाणी रानात भरपूर, पण दार न फोडल्याने सरीत उतरत नाही, तशातली ही गत. म्हणून मधुमेह्याला खूप तहान लागते, लघवीला वारंवार जावे लागते, खाऊनही थकवा येतो व वजन उतरते. पुष्कळांना मात्र काहीच जाणवत नाही आणि आजार तपासणीतच कळतो.

"मी तर काटकुळा, दिवसभर रानात राबतो, मला साखर कशी होईल?" असे पुष्कळजण विचारतात. ह्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास केला. त्यात दिसले की आपल्याकडची मुले जन्मतः वजनाला हलकी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त असते. पुढे २००४ साली त्यांनी आपला व आपले इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन ह्यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच होता, २२.३. पण अंगातील चरबी इंग्रज डॉक्टरांची शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरांची शेकडा २१.२ भरली. तेव्हा केवळ बारीक दिसतो म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

हा आजार आता शहरातल्या श्रीमंतांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे व १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत जास्त प्रमाण निघाले आपल्या शेजारच्या गोव्यात, शेकडा २६.४. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक गोव्यात आहे, आणि हा आजार घराण्यात चालत येतो. आईवडिलांना असल्यास मुलांनी तिशीपासूनच तपासणी करावी. तीस वर्षांवरील सर्वांची मधुमेहाची व रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

रात्रीचे शरीर वेगळे असते

कोंबडा आरवण्याची वेळ कोणी शिकवावी लागत नाही. तसे घड्याळ आपल्या शरीरातही देवाने बसविले आहे. हे घड्याळ पेशीत कसे चालते हे शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग ह्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या घड्याळाप्रमाणे रात्र ही विसाव्याची वेळ असते. रात्री इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. म्हणून दुपारी दोनला खाल्लेल्या भाकरीने साखर जेवढी चढते, त्याहून जास्त ती रात्री दोनला खाल्लेल्या त्याच भाकरीने चढते. झोप अपुरी झाली तर दुसऱ्या दिवशीही इन्सुलिन नीट काम करीत नाही आणि भूक मात्र वाढते.

परंतु रात्रपाळी सगळी एकसारखी नसते. वॉचमन, काट्यावरचा कारकून, पॅनेलसमोर बसणारा कामगार ह्यांचे काम बैठे. त्यांना धोका साखर चढण्याचा. पाणी पाजणारा, ऊस भरणारा, चुलवाणाला जाळ घालणारा ह्यांचे काम मेहनतीचे. मेहनतीने साखर खर्च होते, म्हणून काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला धोका साखर एकदम उतरण्याचा. मेहनतीचा हा परिणाम काम थांबल्यावरही काही तास टिकतो. म्हणून रात्रभर राबून सकाळी उपाशीच झोपलेल्या माणसाची साखर झोपेतही उतरू शकते.

पहिले सांगणे : डॉक्टरांना

दवाखान्यात गेल्यावर आपण आजार सांगतो, पण कामाची वेळ सांगत नाही. डॉक्टरही गर्दीत विचारीत नाहीत. म्हणून आपण होऊन सांगावे : "डॉक्टर, मी रात्री आठ ते पहाटे चार कामावर असतो. माझे मोठे जेवण अमुक वाजता होते. मी अमुक वाजता झोपतो. काम बैठे आहे," किंवा "मेहनतीचे आहे." पाळी बदलत असल्यास तेही सांगावे. जमल्यास आठवड्याचा तक्ता कागदावर लिहून न्यावा.

कारण सर्व गोळ्या एका जातीच्या नसतात. मेटफॉर्मिन ही गोळी जेवणासोबत घेतात. ती एकटी घेतली असता साखर फार खाली सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ह्यांसारख्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात. अशी गोळी घेऊन जेवण चुकविले तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. इन्सुलिनचेही तसेच, त्यातही जेवणाचे इन्सुलिन वेगळे व रोज ठराविक वेळी घ्यावयाचे लांब पल्ल्याचे वेगळे. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे : "ह्यांतली कोणती गोळी जेवणाशी बांधलेली आहे? कोणती घड्याळाशी? रात्रपाळीच्या आठवड्यात केव्हा घेऊ, दिवसपाळीच्या आठवड्यात केव्हा? एखादे जेवण चुकले तर काय करू?" ही उत्तरे गोळ्यांच्या पाकिटावर लिहून घ्यावीत. आपल्या मनाने गोळीची वेळ वा संख्या बदलू नये, आणि साखर उतरली म्हणून गोळी बंद करू नये. साखर उतरली आहे ती गोळीमुळेच.

तपासणीचीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उपाशीपोटीची तपासणी म्हणजे निदान आठ तास पाण्याखेरीज काही न घेता दिलेले रक्त. मध्यरात्री कामावर भाकरी आणि पहाटे चहा घेऊन सकाळी सातला रक्त दिले तर ती उपाशीपोटीची तपासणी होत नाही, व आकडा उगाच घाबरवितो. अशा वेळी शेवटचे केव्हा खाल्ले ते तपासणाऱ्याला सांगावे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असणे चांगले. १२६ किंवा त्यावर दोन वेळा आढळली तर मधुमेह समजतात.

रात्रपाळीवाल्याला जास्त सोयीची तपासणी म्हणजे एचबीएवनसी. तिला उपाशी राहावे लागत नाही, ती केव्हाही देता येते. बोटाला टोचून काढलेली साखर म्हणजे एका ट्रॉलीतल्या उसाचा उतारा; एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सगळ्या गाळपाचा सरासरी उतारा. एका ट्रॉलीवरून हंगाम कसा गेला ते कळत नाही. हा आकडा ६.५ किंवा त्यावर असल्यास मधुमेह समजतात. उपचारात तो बहुतेकांचा सातच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न असतो, पण आपला आकडा किती असावा ते डॉक्टर ठरवितात. अंगात रक्त फार कमी असल्यास ही तपासणी फसवू शकते, म्हणून विशेषतः भगिनींनी ते आधी सांगावे.

सीमाभागातल्या आपल्या लोकांची आणखी एक अडचण असते. आज बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, उद्या पाहुण्यांबरोबर कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, परवा गावातल्या डॉक्टरांकडे. प्रत्येकजण नवी गोळी लिहितो आणि एकच औषध दोन नावांनी दुप्पट पोटात जाते. म्हणून सर्व कागद एकाच पिशवीत ठेवावेत आणि जेथे जाल तेथे ती पिशवी न्यावी.

दुसरे सांगणे : घरच्यांना

घरच्यांना आजाराचे नाव सांगून भागत नाही. पाळीप्रमाणे जेवणाची वेळ त्यांना सांगावी, कारण चूल त्यांच्या हाती असते. पाळी रात्री आठ ते पहाटे चार असल्यास दिवस साधारण असा लावता येईल :

संध्याकाळी सात : मुख्य जेवण. एक-दोन भाकरी, घट्ट आमटी किंवा उसळ, भरपूर पालेभाजी, काकडी किंवा मुळा, ताक. जेवण झाल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये.

रात्री अकरा-बाराच्या आत : थोडेसेच. अर्धी भाकरी व मटकीची किंवा हुलग्यांची उसळ, नाही तर मूठभर फुटाणे-शेंगदाणे व ताक. मध्यरात्रीनंतर पोटभर जेवण टाळावे. मेहनतीचे काम असेल तर मात्र पहाटेपूर्वी आणखी एकदा थोडे खावे.

पहाटे घरी आल्यावर : हलका नाश्ता, मग झोप. उपाशी झोपू नये.

झोप : सलग सहा-सात तास. खोलीत अंधार करावा, खिडकीला जाड गोधडी लावावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. "बाबा झोपलेत" म्हणून पोरांना अंगणात पाठविणे हाही औषधोपचारच आहे.

दुपारी उठल्यावर : दुसरे जेवण. त्यानंतर लगेच पुन्हा आडवे न होता थोडे चालावे.

ज्वारीची भाकरी चांगली खरी, पण ती कितीही खावी असे नाही. तिचीही साखरच होते. भात पूर्ण सोडण्याची गरज नाही, तो वाटीने मोजावा. नुसत्या चुरमुऱ्यांनी साखर झपाट्याने चढते, म्हणून रात्री चुरमुऱ्यांची पिशवी घेऊन बसू नये. अंडे, मासळी किंवा डाळ बरोबर असली म्हणजे पोट धरून राहते.

आता गुळाविषयी. आपण गूळ पिकविणारे लोक. "साखर वाईट, पण गूळ चालतो" ही समजूत आपल्यात घट्ट आहे. ती चूक आहे. मधुमेह्याच्या रक्तात गूळ, काकवी, मध आणि साखर सारखेच काम करतात. कारखान्याच्या यार्डात बसून पेलाभर उसाचा रस पिणे म्हणजे सात-आठ चमचे साखर पिणे होय. रात्रपाळीचा मोठा शत्रू मात्र चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप झाले की दहा चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ते ५० ग्रॅम, आणि खाल्ले असे काहीच वाटत नाही. चहा बिनसाखरेचा घ्यावा आणि पाळी संपण्याच्या चार-पाच तास आधी थांबवावा, नाही तर घरी येऊन झोप लागत नाही.

नाताळात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल घरोघरी होतात. कोणी बेळगावहून कुंदा आणतो. मधुमेह्याने ताटाला हात लावायचा नाही असे नाही. एक तुकडा जेवणाबरोबर घ्यावा व त्या जेवणातला भात कमी करावा. आग्रह करणाऱ्याने एकदाच करावा.

तिसरे सांगणे : कामावरच्या सोबत्याला

हे सांगणे लोकांना सर्वांत जड जाते. मुकादम काम देणार नाही, लोक कीव करतील, पोरीच्या लग्नात अडचण येईल, असे मनात येते. पण रात्री दोन वाजता डॉक्टर जवळ नसतो, बायको जवळ नसते, जवळ असतो तो सोबतीच. त्याला एवढेच सांगावे : "मला साखरेचा आजार आहे. मी घामाघूम झालो, कापू लागलो, उगाच चिडलो किंवा बरळू लागलो, तर मी प्यालो असे समजू नकोस. माझ्या खिशात साखरेची पुडी आहे, ती मला दे."

साखर उतरल्याची लक्षणे : थंड घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलणे अडखळणे. मोजण्याचे यंत्र असल्यास आकडा ७० च्या खाली दिसतो. यंत्र नसल्यास वाट पाहू नये.

उपाय : शुद्ध असल्यास तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यावे. पंधरा मिनिटे बसावे. बरे न वाटल्यास पुन्हा तेवढेच घ्यावे. बरे वाटल्यावर भाकरी किंवा बिस्किटे खावीत, नाही तर साखर पुन्हा उतरते. पेढा किंवा चॉकलेट ह्या वेळी मंद काम करते. साधी साखरच उत्तम. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, घास श्वासनळीत जातो. कुशीवर निजवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक कर्नाटकात व महाराष्ट्रात दोन्हीकडे चालतो.

ट्रॅक्टर चालविणाऱ्याने उपाशी गाडी सुरू करू नये आणि लक्षणे जाणवताच गाडी बाजूला घेऊन बंद करावी. पाळी सुटल्यावर रिकाम्या पोटी दारू घेणे मधुमेह्याला दुहेरी घातक आहे : तिने साखर उतरते, आणि उतरलेली साखर दारूच्या वासात लपते.

नवा आजार निघालेल्याने पहिले काही आठवडे, औषध बसेपर्यंत, शक्य तर दिवसपाळी मागावी. डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास मागणे सोपे जाते. शेतावर तर ही गोष्ट आपल्याच हाती आहे. आपण भांगलणीला, कापणीला पैरा करतो. रात्रीच्या पाण्यालाही पैरा का करू नये? आज तुझ्या उसाला दोघे, उद्या माझ्या उसाला दोघे. साप, विहीर, विजेची तार आणि उतरलेली साखर, ह्या चारही संकटांवर दोन माणसे हा एकच स्वस्त उपाय आहे.

पायांकडे पाहा

मधुमेह जुना झाला की पायांची जाणीव कमी होते. तुटलेल्या उसाचा खुंट घुसला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी पाय कापण्याची पाळी येते. म्हणून पाण्याला अनवाणी जाऊ नये. गमबूट घालावेत, घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा पाहावा. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात व उजेडात तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसल्यास पोरांना पाहावयास सांगावे. शेकोटीला किंवा चुलवाणाला पाय शेकू नयेत, भाजलेले कळत नाही. कुरूप ब्लेडने कापू नये. जखम दोन दिवसांत न सुकल्यास दवाखाना गाठावा. निपाणीच्या मातीत तंबाखू पिकतो हे खरे, पण जागे राहण्यासाठी विडी ओढणे किंवा तंबाखूचा बार भरणे मधुमेह्याने सोडावे. तंबाखूने पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात. डोळ्यांची व लघवीची तपासणी वर्षातून एकदा करावी.

उपवास आणि मिस्सा

काही धार्मिक मंडळी आजार असूनही उपवासकाळात कडकडीत उपवास करतात व गोळी मात्र चालू ठेवतात. हे धोक्याचे आहे आणि ख्रिस्तसभा ते मागतही नाही. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे ह्या दोन दिवसांचा उपवास अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ वर्षे पूर्ण होईपर्यंत आहे, पण आजाऱ्यांना त्यातून मोकळीक आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास काही खाऊ नये असा नियम आहे. पण पाणी व औषध ह्यांनी तो मोडत नाही आणि वृद्ध व आजारी ह्यांना तो बंधनकारक नाही. तेव्हा रविवारी पहाटे पाळीवरून थेट मिस्साला येणाऱ्या मधुमेह्याने खाऊन यावे. मिस्सा चालू असताना साखर उतरली तर खिशातली पुडी तिथेच तोंडात टाकावी, संकोच करू नये. त्याग करावयाचा असल्यास तंबाखूचा करावा, गोड चहाचा करावा. मन अस्वस्थ असल्यास फादरांना विचारावे.

एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली निजला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश करण्याआधी उठवून भाकर व पाणी दिले, आणि एकदा नव्हे, दोनदा. पुढे चालावयाचे असेल तर आधी खाल्ले पाहिजे, हे देवदूतालाही ठाऊक होते.

लाज कशाची?

मधुमेह ही देवाची शिक्षा नव्हे. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलांना तो होई, ती वर्ष-दोन वर्षांत सुकून मरत. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांनी इन्सुलिन शोधून काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले. हा बँटिंग शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तेव्हा गळीत हंगामाची व रात्रपाळ्यांची नुकती सुरुवात झालेली असते. त्या आठवड्यात प्रत्येक वाडीवरच्या लोकांनी एकत्र बसून एवढे ठरवावे : आपल्यात साखरेचा आजार कोणाकोणाला आहे हे मोकळेपणी सांगू, आणि त्यांना रात्री एकटे रानात जाऊ देणार नाही.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना गावोगाव पाठविले, तेव्हा एकेकटे पाठविले नाही, दोघा-दोघांना पाठविले. रात्रीच्या पाण्यालाही हाच नियम लावावा.

पाकिटात ठेवण्यासाठी

१. डॉक्टरांना पाळी सांगा, घरच्यांना जेवणाची वेळ सांगा, सोबत्याला लक्षणे सांगा.
२. जेवणाआधीची गोळी घेतली की जेवण झालेच पाहिजे. जेवणाची खात्री नसल्यास काय करावे, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.
३. खिशात साखरेची पुडी, नाव व औषधे लिहिलेली चिठ्ठी आणि घरचा फोन नंबर.
४. गूळ म्हणजे साखरच.
५. पाळीनंतर उपाशी झोपू नका.
६. रोज पाय पाहा.
७. उलट्या-जुलाब होऊन अन्न टिकत नसेल, फार तहान व धाप लागली असेल, तर घरी थांबू नका. इन्सुलिन मनाने बंद करू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.